सेवा आणि स्मरण : भोपाळच्या निमित्ताने काही विचार

विद्यापीठाने समाजाची सेवा करावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशातील ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थी तीत दाखल झाले होते. वर्षाकाठी १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि एक निवासी शिबिर, असा तिचा हिशेब पुढे रूढ झाला. गावाचा रस्ता, पाझर तलाव, वृक्षारोपण, साक्षरतेचे वर्ग, रक्तदान ही कामे आपल्या अध्यापकवर्गास इतकी परिचयाची आहेत की त्यांविषयी नव्याने काही सांगावयास नको. परंतु ह्या यादीत एका कामाचा समावेश क्वचितच झाला. ज्या वस्तीत आपण रस्ता बांधावयास गेलो, तेथील म्हाताऱ्या बाईने काय पाहिले, काय सोसले आणि झगडून काय मिळविले, हे तिच्याजवळ बसून ऐकावे, ती म्हणेल तसे उतरून घ्यावे, आणि उतरून घेतलेले तिला वाचून दाखवावे, हे सेवेत मोडते की नाही? मोडत असेल, तर ते इतिहासाच्या अध्यापकाचे काम की सेवायोजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याचे?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार दोन प्रकारच्या आठवणींच्या संदर्भात करावयाचा आहे. एक स्त्रियांच्या, आणि दुसऱ्या ज्यांचे प्रेम अथवा ज्यांचा देह समाजाने आखलेल्या स्त्री-पुरुषाच्या चौकटीत बसत नाही अशांच्या. ह्या दुसऱ्या वर्गास हल्ली 'क्वीअर' असे एकच नाव देतात. मराठीत समलिंगी, तृतीयपंथी, पारलिंगी असे निरनिराळे शब्द आहेत, आणि सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या वाटेवर चालणारा जोगता तर ह्यांपैकी एकाही शब्दात पुरता मावत नाही. शब्दांची ही गर्दी ध्यानात ठेवूनच पुढे जावे लागेल.

विद्यार्थ्याने आपल्या समाजाची आठवण लिहावी, आणि ती शाळेच्या अभ्यासातूनच लिहिली जावी, ह्याचे मराठीतील एक फार जुने उदाहरण स्त्रीचेच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. हा निबंध आज पुष्कळदा दलित साहित्याचा आरंभ म्हणून नमूद केला जातो, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. पेशवाई बुडून त्या वेळी ३७ वर्षे झाली होती. मुक्ताने स्वतः ती पाहिलेली असणे शक्य नव्हते. तिने लिहिले ते तिच्या वस्तीने जपलेले, वडीलधाऱ्यांच्या तोंडचे. बखरीत न आलेला काळ एका शाळकरी मुलीच्या निबंधात आला. ही घटना शाळेने तिच्या हाती लेखणी दिल्यामुळे घडली, आणि तिच्याआधी शाळेला ती आठवण ठाऊकच नव्हती. शिक्षणसंस्था समाजाला देते किती आणि समाजाकडून घेते किती, ह्याचा हिशेब त्या निबंधापासूनच मांडावयास हवा होता. तो मांडला गेला नाही.

पुढील शतकभरात मराठी स्त्रियांच्या आठवणी लिहिल्या गेल्या त्या बहुतेक घराच्या ओसरीवर. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून येऊ लागली, बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ चे. ह्या ग्रंथांचे वाङ्मयीन मोल येथे सांगण्याचे कारण नाही. आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन केले, आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच; १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. ह्या विद्यापीठाच्या पायाशीच हिंगण्याच्या आश्रमातील विधवांचे आयुष्य होते. स्वतः बाया पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विद्यार्थिनी. तेव्हा स्त्रीच्या आठवणीचा इतिहास ह्या विद्यापीठात अभ्यासाचा विषय व्हावा ह्यासाठी बाहेरून काहीही आणावे लागत नव्हते. तरीही ते घडावयास १९७४ हे वर्ष उजाडले. त्या वर्षी नीरा देसाई यांच्या पुढाकाराने तेथे स्त्री-अभ्यासाचा संशोधन विभाग सुरू झाला, आणि १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद त्याच विद्यापीठात मुंबईस भरली.

दरम्यान १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे १८८२ चे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले. त्र्याण्णव वर्षे ते पुस्तक मराठी वाचकांच्या स्मरणातून गेलेले होते. पुस्तक छापलेले असूनही विसरले जाते, मग जे कधी छापलेच गेले नाही त्याचे काय झाले असेल, असा विचार त्या वेळी काही अभ्यासकांच्या मनात आला असल्यास नवल नाही. १९८८ साली मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई व मैत्रेयी कृष्णराज यांनी स्थापन केलेली 'स्पॅरो' ही संस्था ह्याच विचाराची म्हणता येईल. स्त्रियांचे आवाज, छायाचित्रे, पत्रे, चित्रफिती जपणे हाच तिचा उद्देश. विद्यापीठातील व्यक्तींनी हे काम विद्यापीठाच्या बाहेर उभे केले, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

विद्यापीठाच्या बाहेरच ह्या विषयातील मराठीतला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ जन्मास आला, असे माझे मत आहे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रिया तेव्हा वृद्धापकाळास पोहोचल्या होत्या. ह्या दोघी त्यांच्या घरी गेल्या, त्यांना बोलते केले, आणि त्यांच्या बोलण्यास जुन्या नियतकालिकांतील वृत्तांतांचा आधार जोडला. जुलै १९४२ मध्ये नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची जी अखिल भारतीय परिषद झाली, तिच्यासाठी हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्या प्रचंड मेळाव्याची आठवण मराठी इतिहासलेखनात किती पुसट होती, हे पवार-मून यांचे पुस्तक वाचताना उमगते. ज्या स्त्रियांची नावे सभांच्या वृत्तांतांत केवळ 'सौ.' म्हणून येत, त्यांना ह्या पुस्तकाने माहेरचे नाव, शाळा, नवरा, पोरेबाळे, धाक आणि हट्ट, सर्व परत दिले. ह्या लेखिकांपैकी कोणीही ते काम पदवीसाठी केले नव्हते. कदाचित म्हणूनच ते नेटके झाले असावे.

पुणे विद्यापीठात १९८७ साली स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झाले. पुढे त्यास क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. त्या केंद्राच्या प्रमुख शर्मिला रेगे (१९६४-२०१३) यांनी बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, शांताबाई दाणी, ऊर्मिला पवार आदींच्या आत्मकथनांवर २००६ मध्ये जो इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यात त्यांनी एक पेच स्पष्ट मांडला आहे. आत्मकथन हे एका व्यक्तीचे की तिच्या समाजाचे? बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' ह्या शीर्षकातील 'आमुचं' हे सर्वनाम केवळ लकब नव्हे. बोलणारी एकटी असते, पण ती साक्ष देते ती अनेकांच्या वतीने. ही गोष्ट मान्य केली म्हणजे वर्गात बसून आत्मकथनाचे रसग्रहण करणाऱ्या अध्यापकाची जागाही बदलते. तो साक्षीचा श्रोता होतो, आणि श्रोत्यावर काही जबाबदारी येऊन पडते. रेगे यांच्या अध्यापनाचे सार मला ह्यात दिसते.

जात्यावरच्या ओव्यांचे काम ह्याच काळातले. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या खेड्यापाड्यांतील सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ज्या बाईने ओवी गाइली तिचे नाव व गाव तिच्याबरोबर नोंदविले. लोकसाहित्य 'अनामिक' असते असे आपण वर्गात सांगत आलो. हा संग्रह पाहिला म्हणजे ते अनामिकत्व पुष्कळदा संग्राहकाच्या आळसाचे असते, अशी शंका येते.

आता भोपाळकडे वळू.

स्त्रियांच्या इतिहासाच्या दृष्टीने भोपाळ हे विलक्षण शहर आहे. १८१९ ते १९२६ ह्या काळात, मधली थोडी वर्षे सोडल्यास, येथे चार बेगमांनी राज्य केले. शेवटच्या सुलतान जहान बेगम यांनी आपले विस्तृत आत्मचरित्र लिहिले, आणि १९२० साली त्या अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. त्यांच्या आजीने, सिकंदर बेगम यांनी, मक्केच्या यात्रेचे वर्णन लिहून ठेविले होते. म्हणजे ह्या शहरात स्त्रीने स्वतःची आठवण स्वतः लिहिण्याची परंपरा राजवाड्यात तरी चांगली रुजलेली होती. आणि त्याच शहरात २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. सरकारी नोंदीप्रमाणे तत्काळ मृत्यूंची संख्या २,२५९ होती. पुढे ती बरीच वाढली. त्या रात्री मेलेल्यांत व जगलेल्यांत जुन्या भोपाळच्या झोपडवस्त्यांतील ज्या स्त्रिया होत्या, त्यांतील बहुतेकींना लिहिता येत नव्हते.

वायुकांडाचा इतिहास कज्ज्यांच्या कागदांत, वैद्यकीय अहवालांत आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत भरपूर लिहिलेला आहे. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. ह्या कागदांत स्त्री आहे ती दावेदार क्रमांक म्हणून, किंवा मृताची विधवा म्हणून. तिच्या देहाचे काय झाले हा प्रश्नदेखील आरंभी विचारला गेला नाही. १९८५ मध्ये डॉ. राणी बंग व डॉ. मीरा सदगोपाल यांनी वायुग्रस्त स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा स्त्रीरोगांचे प्रमाण धक्कादायक असल्याचे त्यांस आढळले. डोळे आणि फुप्फुसे ह्यांपलीकडे तोवर कोणी पाहिले नव्हते, कारण स्त्रियांना त्याविषयी कोणी विचारले नव्हते आणि स्त्रिया आपणहून पुरुष डॉक्टरांना सांगणार नव्हत्या. इतिहासलेखनाच्या पद्धतीचा एवढा मोठा धडा एखाद्या पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. विचारणारा कोण आहे, ह्यावर पुरावा निर्माण होतो की नाही हे अवलंबून असते.

ह्या स्त्रियांनी आपली स्मृती स्वतःच रस्त्यावर आणली. भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेच्या बाया यादगार-ए-शाहजहानी उद्यानात दर शनिवारी जमत. बेगमेच्या नावाच्या बागेत वायुग्रस्त बायांची सभा, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. सरकारी लेखनसामग्रीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायांच्या संघटनेने, रशीदा बी व चंपादेवी शुक्ला यांच्या नेतृत्वाखाली, १९८९ मध्ये भोपाळ ते दिल्ली सुमारे साडेसातशे किलोमीटर पायी वाट तुडविली. एक मुसलमान, एक हिंदू, दोघी कामगार. २००४ मध्ये दोघींना मिळून गोल्डमन पुरस्कार देण्यात आला.

विद्यापीठाने ह्या स्मृतीकडे यावयाचे जे प्रयत्न केले, त्यांतील एकाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या हिंदू महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या सुरूपा मुखर्जी यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह भोपाळच्या प्रश्नात लक्ष घातले. 'वुई फॉर भोपाळ' नावाचा विद्यार्थ्यांचा गट त्यातून उभा राहिला. वायुग्रस्त स्त्रियांच्या मौखिक साक्षींवर आधारलेला मुखर्जी यांचा इंग्रजी ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे आंदोलनात उतरणे आणि अध्यापिकेने साक्षी नोंदविणे, ही दोन कामे येथे एकाच ओढीतून झाली. इतिहासाची शिस्त मानणाऱ्या आपल्यातील काहींना हे मिश्रण रुचणार नाही. ज्याची बाजू घेतली त्याची साक्ष नोंदविणारा तटस्थ कसा, असा आक्षेप ते घेतील. आक्षेप खोटा नाही. पण भोपाळच्या बाबतीत त्याचे उत्तर सोपे आहे. तटस्थ म्हणविणारा श्रोता ह्या वस्त्यांत अनेकदा आला होता, आणि बायांनी त्याला दारातून परत पाठविले होते. वर्षानुवर्षे नमुने घेऊन जाणारे, अर्ज भरून घेणारे, चित्रे काढणारे येत आणि परत तोंड दाखवीत नसत. अशा वस्तीत विश्वास हीच पुराव्याची पहिली अट होते. जो त्यांच्याबरोबर चार पावले चालला, त्यालाच त्या काही सांगणार.

मला ह्या प्रयत्नाविषयी शंका आहे ती वेगळी. त्या बायांनी साक्ष दिली भोपाळी हिंदीत, उर्दूच्या मिश्रणात. ग्रंथ निघाला इंग्रजीत, परदेशी प्रकाशकाकडून. तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या नातवंडांनाही वाचता येईल की नाही, सांगवत नाही. सेवेच्या दृष्टीने पाहिले तर काम अर्धे राहिले. हा दोष मुखर्जी यांचा नव्हे. आपल्या विद्यापीठांत देशी भाषेतील ग्रंथास जे स्थान आहे, त्याचा तो दोष. ही उणीव दुसऱ्या बाजूने थोडी भरून निघाली. २ डिसेंबर २०१४ च्या सुमारास, दुर्घटनेला तीस वर्षे होत असताना, भोपाळमध्येच बैरसिया मार्गाच्या बाजूस रमा लक्ष्मी यांच्या योजनेने 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय उघडले. सरकारचा अथवा कोणत्याही कंपनीचा पैसा घ्यावयाचा नाही, असा त्याचा दंडक. तेथील वस्तू पीडित कुटुंबांनी दिलेल्या: मुलाचा सदरा, वापरलेली भांडी, छायाचित्रे. आणि आवाज त्यांचेच.

एवढे झाले स्त्रियांचे. आता ज्या दुसऱ्या आठवणीचा उल्लेख आरंभी केला, तिच्यासाठीही भोपाळहून निघावे लागते, ही गोष्ट आपल्या मराठी वाचकांस फारशी ठाऊक नसावी.

शहराच्या नैर्ऋत्येस भदभदा मार्ग, कोटरा, नेहरू नगर हा परिसर पसरला आहे. येथे पोलिस वसाहती आहेत, १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे, सरकारी नोकरांची घरे आहेत. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही आहेत. ह्याच शहरातील मध्य प्रदेशच्या विशेष सशस्त्र दलातील दोन महिला शिपायांनी डिसेंबर १९८७ मध्ये एकमेकींशी विवाह केला. १९८८ च्या आरंभी ही बातमी देशभरच्या वृत्तपत्रांत आली आणि दोघींना नोकरीतून काढून टाकण्यात आले. त्यांची नावे त्या वेळी छापली गेली, त्यांची छायाचित्रेही छापली गेली, आणि पुढे समलिंगी संबंधांवरील कितीतरी इंग्रजी ग्रंथांतून ती नावे पुनःपुन्हा आली. ह्या लेखात ती मुद्दाम दिलेली नाहीत. दोघींनी इतिहासात येण्याची मागणी केली नव्हती. त्यांनी लग्न केले होते.

ह्या घटनेची स्मृती कोणी राखली, हे पाहण्यासारखे आहे. विद्यापीठांनी ती राखली नाही. स्त्री-संघटनांच्या बैठकांत तिची चर्चा झाली, आणि त्या चर्चेत स्वतः संघटनाही गोंधळलेल्या होत्या: हा स्त्रीच्या नोकरीच्या हक्काचा प्रश्न मानावयाचा की प्रेमाच्या हक्काचा? १९९१ मध्ये एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ह्या दिल्लीच्या गटाने समलिंगी व्यक्तींच्या स्थितीविषयी जो नागरिक-अहवाल काढला, त्यात ह्या प्रकरणाची दखल आहे. म्हणजे कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या माणसांचा इतिहास पदरमोड करून छापलेल्या एका पुस्तिकेत राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निर्णय, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरविलेला तो निकाल, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ चा निर्णय, ही कायद्याची वाटचाल आता विधी महाविद्यालयांत शिकविली जाते. तिच्या आधीची वाट मात्र अशा पुस्तिकांतून शोधावी लागते. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये आता 'कमरा' हा क्वीअर स्मृतीचा संग्रह ठेवलेला आहे, हे त्या दृष्टीने समाधानाचे. मराठी मुलखातील एखाद्या विद्यापीठाने तसे काही केल्याचे ऐकण्याची इच्छा आहे.

मराठीला ह्या विषयाचे वावडे होते, असे मात्र कोणी समजू नये. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक भोपाळच्या घटनेपूर्वी सहा वर्षे, १९८१ मध्ये, रंगभूमीवर आले होते. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' कादंबरीत सीमाभागातील जोगत्याचे आयुष्य आहे. आणि ह्या दोहोंच्या कितीतरी आधीचा एक साठा आपल्याजवळ आहे, ज्याच्याकडे स्मृतीचा साठा म्हणून आपण पाहिलेले नाही. तो म्हणजे 'समाजस्वास्थ्य'.

महिला विद्यापीठाच्या संस्थापकांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी त्यापूर्वीच गमावली होती. पित्याने स्त्रीला विद्यापीठ दिले. पुत्राने तिला, आणि पुरुषालाही, जे विद्यापीठात विचारता येत नव्हते ते विचारण्याची जागा दिली. मासिकात वाचकांचे प्रश्न व कर्व्यांची उत्तरे छापली जात. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचक विचारतात, तज्ज्ञाने उत्तर द्यावे की देऊ नये, हा त्या बचावाचा गाभा होता. खटला हरला आणि २०० रुपये दंड झाला. कर्व्यांचे चरित्र सांगताना आपण ह्या खटल्यावर थांबतो, कारण त्यात दोन थोर पुरुष आहेत. पण प्रश्न पाठविणारा जो वाचक होता, त्याचे काय? मुंबईत अथवा आडगावी बसून, आपल्या मनातील ओढ ही व्याधी आहे की स्वभाव, हे त्याने पोस्टाने एका अनोळखी माणसास विचारले. त्या प्रश्नांच्या स्तंभात एका अख्ख्या पिढीची भीती आणि जिज्ञासा नाव न देता जमा झालेली आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २६ वर्षांचे अंक घेऊन बसावे आणि केवळ प्रश्नांची सूची करावी, उत्तरांची नव्हे. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासास त्याहून उपयुक्त सेवा-प्रकल्प मला सुचत नाही, आणि त्यास ना बस लागते ना शिबिराचा तंबू.

अलीकडे नाव घेऊन बोलणारे पुढे आले आहेत. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि मराठीत ह्या विषयावर सातत्याने लिहिले. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन २०१२ चे. मध्य प्रदेशात शबनम मौसी सोहागपुराहून विधानसभेवर निवडून आल्या होत्या आणि २००३ पर्यंत आमदार होत्या. कटनीच्या महापौर कमला जान यांची निवड मात्र, जागा स्त्रियांसाठी राखीव व उमेदवार कायद्याच्या दृष्टीने पुरुष, असे ठरवून न्यायालयाने रद्द केली. २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. कटनीच्या मतदारांनी त्या आधी पंधरा वर्षे जवळपास तेच केले होते. त्यांना तसे का वाटले, कोणी कोणास काय सांगून मत दिले, ह्याची नोंद न्यायालयाच्या निकालपत्रात असणार नाही. ती कटनीच्या बाजारात, चहाच्या दुकानांत अजून आहे. ज्यांनी मते दिली त्यांची वये आता वाढत चालली आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर समाजाशी संपर्काच्या कामास महाविद्यालयीन अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले. जे पूर्वी हौसेने होई ते आता गुणपत्रिकेत येते. ह्याचा लाभ उघड आहे, तसा धोकाही. श्रेयांकासाठी वस्तीत गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र संपण्यापूर्वी एक आठवण हवी असते, आणि बाईला ती सांगावयाची असते तिच्या सवडीने, कदाचित तिसऱ्या भेटीत, कदाचित सून घरात नसताना. समलिंगी अथवा तृतीयपंथी व्यक्तीच्या बाबतीत तर एक नाव, एक गल्ली, एक नातेसंबंध अहवालात गेला की घर सुटते, काम सुटते. तेव्हा अशा प्रकल्पाचे मूल्यमापन करणाऱ्या अध्यापकाने अहवालाच्या पानांची संख्या मोजू नये. लिहिलेले सांगणाऱ्यास तिच्या भाषेत वाचून दाखविले काय, तिने जे गाळावयास सांगितले ते गाळले काय, नाव देण्याचा निर्णय कोणाचा होता, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरी राहिली काय, एवढे विचारावे. जो विद्यार्थी म्हणेल की तिने मला सर्व सांगितले आणि मग ते लिहू नको असेही सांगितले, म्हणून माझे पान कोरे आहे, त्याला पूर्ण गुण द्यावे. असा विद्यार्थी मला इतिहासाचा खरा विद्यार्थी वाटतो. परीक्षा विभागास काय वाटेल ते परीक्षा विभाग जाणे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे ब्रीद 'मी नव्हे, तुम्ही' अशा आशयाचे आहे. विद्यार्थी शिबिरास जाताना ते मोठ्याने म्हणतात, आणि मग शिबिरभर भाषणे 'मी'च देत असतो. भोपाळच्या त्या संग्रहालयात भिंतीवर जुन्या पद्धतीचे दूरध्वनी लाविलेले आहेत. पाहुण्याने श्रवणक उचलून कानास लावावा, म्हणजे पलीकडून एखादी बाई त्या रात्रीविषयी बोलू लागते. तिला मध्येच प्रश्न विचारण्याची सोय त्या यंत्रात नाही.